पाचवी फेरी

फॉर्मवर दोनच रकाने होते :
दर्जा, दहापैकी.
प्रामाणिकपणा, दहापैकी.
मनामात रात्रीचे अकरा, हॉटेलच्या खोलीत एसीचा घसा बसलेला,
आणि पडद्यावर इलियास सारंग
वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन
चौथ्या मजल्याकडे निघालेला.

बावीस मिनिटांची फिल्म, त्यातली सहा मिनिटं नुसता जिना.
बोलणं नाही. पाणी डचमळतं तेवढा आवाज, आणि श्वास.
तिसऱ्या वळणावर तो भिंतीला टेकतो
आणि कानामागचा घामाचा थेंब
कॉलरपर्यंत उतरायला जेवढा वेळ घेतो
तेवढा दिग्दर्शिकेने त्याला घेऊ दिलाय.
मी दर्जापुढे नऊ लिहिले. पेनाने.

जुर्ज म्हणाला, साडेनऊ.
नूफ इथलीच. चहा ढवळता ढवळता एवढंच बोलली,
"ती इमारत माझ्या मावशीच्या घरासमोर आहे.
तिथली लिफ्ट चालते."

परीक्षकाने असं जाऊ नये.
मी सकाळी टॅक्सी करून गुदैबियाला गेले.
लिफ्ट चालत होती. आत आरसा,
आरशाच्या कोपऱ्यात कुणाच्या पोराने डकवलेला फुटबॉलवाला.

इलियासभाई टेम्पोतून कॅन उतरवत होते.
मराठी ऐकून आधी गाव विचारलं, मग काम.
ते दाभोळचे. मी चंद्रपूरची,
म्हणजे त्यांच्या हिशेबाने आणखी एक परदेश.

"लिफ्ट चालूच होती हो.
ती पोरगी म्हणाली, चाचा, जिन्यानं जमेल?
म्हटलं, न जमायला काय झालं. पाच वेळा जमवलं.
पाचवी फेरी घेतलीन म्हणे."

म्हणजे घाम खरा होता.
फक्त तो गिऱ्हाइकासाठी आला नव्हता,
माझ्यासाठी आला होता.

मग कॅन खाली टेकवत, हवापाणी सांगावं तसं :
"गेल्या साली मात्र जून ते ऑगस्ट बंदच होती लिफ्ट.
दिवसाला अठ्ठावीस कॅन.
तेव्हा कोण आला नाय कॅमेरा घेऊन."

आता याचे किती द्यायचे?

आणि देणारी मी कोण.
वीस वर्षांपूर्वी, बल्लारपूरच्या अलीकडे,
खाणीत नवरा गेलेल्या बाईला मी म्हटलं होतं,
ताई, दार पुन्हा एकदा उघडता का, उजेड चुकला.
तिने उघडलं.
दुसऱ्यांदा उघडताना पदर सारखा केला.
मी तेच ठेवलं. बक्षिसाची शाल कपाटात आहे,
अंगावर घेववत नाही, कुणाला देववत नाही.

विषय बदलायचा म्हणून विचारलं, फिल्म कशी वाटली तुम्हाला?
"दाखवली कुठं अजून?"

लिंक फक्त परीक्षकांसाठी होती, पासवर्डसकट.
करारात तिसरं कलम, त्याखाली माझी सही.
आम्ही पायरीवर बसलो. फोन त्यांच्या गुडघ्यावर.
सहा मिनिटं ते स्वतःला जिना चढताना बघत राहिले,
एकदा फक्त चपलेकडे बोट दाखवून म्हणाले, हिचा अंगठा नंतर तुटला.
थेंब कॉलरला पोचला तेव्हा हसायला लागले.

"इथं थांबलो ना मी, तो दमून नाय.
वरून तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी उतरत होती.
लिफ्टला भिते ती. तिला वाट दिली.
हे बघा, मी सलाम पण करतोय, ओठ हलतायत.
तिला कापलीन."

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.
ओठ हलत होते.
काल रात्री तोच मला श्वास वाटला होता.

ते उठले, दोन कॅन लिफ्टमध्ये सरकवले,
पायाने दार अडवून म्हणाले, येता काय वर? चहा देते म्हातारी.
मला दोनच्या आत फॉर्म द्यायचा होता.

दुपारी प्रामाणिकपणापुढे आकडा सुचेना.
तिथे लिहिलं : म्हातारी परत घ्या.
जुर्जने चष्मा वर सरकवून वाचलं.
"कुठली म्हातारी?"